आयुक्तांच्या घरची फळी

मी फळी बोलतेय. देवदाराची, लांबट, पीठ पिऊन पिऊन पांढरी पडलेली. फळीनं कशाला बोलावं, असं वाटेल तुम्हाला. तर सांगते. आमच्या घरात ज्यांना बोलण्याचा पगार मिळतो, ते नेमके नको तिथं गप्प बसले, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म ॲटलासच्या डोंगरातला. तिथून खाली जुन्या शहराच्या सुतारबाजारात आले, रंधा खाल्ला, कडा घासून घेतल्या. आमच्या मालकिणीच्या, लल्ला बतूलच्या लग्नाच्या वेळी तिच्या आईनं सुताराशी तासभर हुज्जत घालून मला घेतलं. "लेकीच्या संसारात बाकी काही टिको न टिको, ही टिकेल," असं म्हणाली होती बाई. टिकले मी.

माझं काम सोपं. आमच्याकडे पीठ घरोघरी मळतात, पण रोट भाजायला जातात गल्लीच्या भट्टीत. बतूल सकाळी पीठ मळायची, जाडजूड गोल रोट थापायची, माझ्यावर ओळीनं मांडायची आणि काट्यानं प्रत्येकावर तीन टोचे मारायची. ती आमच्या घरची खूण. वर पट्ट्यापट्ट्यांचं फडकं टाकलं की मी निघाले तिच्या डोक्यावरून, गल्ली उतरत उतरत, मुअल्लिम अल्लालच्या भट्टीकडे.

मुअल्लिम म्हणजे उस्ताद, जसं लल्ला म्हणजे बाईसाहेब. अल्लालच्या आजानं पेटवलेली भट्टी ती. रात्री निखारे झाकायचे, पहाटे उघडायचे. पण ती पुरती गार झालेली कुणी पाहिली नव्हती. तिच्यासमोर आम्ही फळ्या रांगेनं बसायचो आणि वर बायकांची तोंडं चालायची. कुणाची सून रुसली, कुणाच्या घरी पाहुणे येणार, सगळं आम्हाला आधी कळायचं. ईदच्या आधी तर बिस्किटांच्या ताटांनी पाय ठेवायला जागा नसायची. अल्लाल खड्ड्यात उभा राहून लांब दांड्याच्या फावड्यानं रोट आत सारायचा आणि प्रत्येकीला काही ना काही ऐकवायचा.

"लल्ला बतूल, आज पीठ फारच घट्ट! नवऱ्यावरचा राग पिठावर काढला काय?"

"तुम्ही भाजा गुमान, मुअल्लिम. न्याय करायला आमच्या घरात एक बसलाय तेवढा पुरे."

सगळ्या हसायच्या. मलाही बरं वाटायचं. भाजलेल्या रोटांची ऊब पाठीवर घेऊन घरी परतायचं, याहून फळीला दुसरं काय सुख असणार?

आता आमच्या घरात जो बसला होता, त्याच्याविषयी. सी मक्की, बतूलचा नवरा; सी म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. सरकारी वकील, पण साधासुधा नाही. लोक सरकारवर दावा लावतात ना, त्या कोर्टात तो शाही आयुक्त. दोन्ही बाजूंचे वकील बोलून झाले की याने उभं राहायचं आणि कायदा काय म्हणतो ते न्यायाधीशांना सांगायचं. बाजू कुणाचीच घ्यायची नाही. सरकार चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं, सरकार चुकलं म्हणून. न्यायाधीश निकाल ठरवायला बसले की हा बाहेर. मताचा अधिकार नाही, नुसता बोलण्याचा.

नाव शाही, पगार सरकारी, आणि काम सरकारच्या चुका दाखवायचं! कुणाला पटणार हे? गल्लीला तर कधीच पटलं नाही. गल्लीच्या लेखी सी मक्की म्हणजे सरकारचा माणूस. सरकारी कचेऱ्यांत म्हणे याला घरभेद्या म्हणायचे. बिचारा ना घरचा ना घाटचा. पण होता सरळ. इतका सरळ की कधी कधी राग यायचा. दावा लावलेल्या माणसाचा साधा चहा याने कधी घेतला नाही.

आणि मग आमच्या गल्लीतलं एक जुनं घर कुणा पैसेवाल्यानं घेतलं आणि त्याची पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी हवेली केली. गच्चीवर खुर्च्या टाकल्या, कुंड्या ठेवल्या. धूर तर भट्टीचा, तो गच्चीवर जाणारच. तक्रार झाली. एका सकाळी भट्टीच्या दारावर हुकूम चिकटवलेला: धुराचा उपद्रव, भट्टी बंद करा. अल्लालला ना कुणी बोलावलं, ना विचारलं.

अल्लाल पेटला. "माझ्या आजाची भट्टी! मला न विचारता?" म्हणत कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत भट्टी चालू द्या. गल्लीला हायसं वाटलं. आणि ते प्रकरण आलं कुणाकडे? आमच्या सी मक्कीकडे.

त्या संध्याकाळी बतूल दुसऱ्या दिवसाचं पीठ चाळत होती. सी मक्की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"उद्यापासून रोट भट्टीत पाठवायचे नाहीत," तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"अल्लालचं प्रकरण माझ्याकडे आलंय."

"मग? रोट भाजून घेणं म्हणजे लाच झाली का?"

"लाच नाही गं. पण उद्या समोरचा वकील उठून म्हणेल, आयुक्तांच्या घरची रोटी याच भट्टीतली. माझं बोलणं तिथंच संपलं. नुकसान अल्लालचं होईल."

"मग प्रकरण दुसऱ्याला द्या."

"दुसरा आहे कुठं? एक जागा रिकामी, एक जण दवाखान्यात."

बतूलनं चाळणी आपटली. "बरं. अल्लालला एवढं सांगून येते."

"अजिबात नाही," सी मक्की म्हणाला. "त्याला नाही, कुणालाच नाही. प्रकरणाबद्दल घराबाहेर एक शब्द नको."

झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हा. बतूलच्या माहेराहून गॅसची छोटी शेगडी आली, पत्र्याच्या पेटीची. कानामागून आली आणि तिखट झाली! रोट खालून करपायचे, वरून कच्चे राहायचे, आणि सी मक्की ते चकार शब्द न काढता चावत बसायचा. मला खिडकीखाली उभं केलं. पुढं एका संध्याकाळी तोच मला उचलून बैठकीवर घेऊन गेला, मांडीवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर कागद पसरून लिहायला लागला. अल्लालचंच प्रकरण. ज्या पाठीवर रोट जायचे, त्या पाठीवर आता त्याची शाई सांडत होती.

लिहायचा मात्र सुंदर, खोटं कशाला बोलू? लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायचा. "ज्याचा धंदा बंद करायचा, त्याचं म्हणणं ऐकायलाच हवं. न ऐकता दिलेला हुकूम हा हुकूमच नव्हे." एकेक वाक्य चार वेळा खोडायचा आणि पुन्हा लिहायचा. मला वाटायचं, आता अल्लालला कोण हात लावतोय!

पण खिडकीखाली उभं असताना गल्लीही माझ्या कानावर पडत होती. दोन-चार दिवसांतच शेजारची, हज करून आलेली हाज्जा यामना कुणालातरी म्हणाली, "आयुक्तांच्या घरची फळी येईनाशी झाली, बघितलंस?"

"आजारी असेल बतूल."

"आजारी कसली! सकाळी बाजारात धडधाकट हिंडत होती. अगं, त्याला आतलं कळलेलं असणार. सरकारचा माणूस तो. भट्टी बंद होणार, त्याशिवाय फळी थांबते होय?"

"म्हणजे आता तिथं गेलं तर..."

"कशाला उगाच डोळ्यावर यायचं? माझ्या लेकाचं परवान्याचं काम पडलंय कचेरीत."

दुसऱ्या दिवशी हाज्जा यामनाची फळी थांबली. मग तिच्या जावेची, मग समोरच्या शिंप्याच्या घरची. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेगड्या विकायला एक जण बसला आणि त्याच्याभोवती गर्दी झाली. खिडकीखालून उतरणाऱ्या फळ्या मी ऐकत असे, बायकांच्या चपला आणि गप्पा. त्या हळूहळू कमी झाल्या. मी किती ओरडले असेन आतल्या आत! अगं बायांनो, तसं नाहीये गं! पण फळीचं कोण ऐकतंय.

एका दुपारी दार वाजलं. अल्लाल. आत नाही आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. सी मक्की आतल्या बैठकीवर, मी त्याच्या मांडीवर. मध्ये एक पडदा तेवढा.

"लल्ला बतूल, माफ करा, घरी आलो. माझ्याकडून काही चुकलं का?"

"नाही हो, मुअल्लिम."

"रोट करपला असेल कधी तर सांगा. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

"काही करपलं नाही."

"मग फळी का येत नाही? तुमची थांबली आणि सगळ्यांच्या थांबल्या. लाकडं फुकट जळतायत. काल दिवसभरात पाच फळ्या आल्या."

बतूल म्हणाली, "घरात माणसं कमी झालीत, मुअल्लिम. पीठ कमी लागतं."

तिच्या घरात तेवढीच माणसं होती, हे अल्लालला पक्कं ठाऊक होतं. तो "बरं, लल्ला" म्हणाला आणि गेला. सी मक्कीचा हात माझ्यावर होता. लेखणी खाली पडली. उठ ना! उठून चार शब्द बोल की त्याच्याशी! नाही उठला. दावा लावलेल्या माणसाशी बोलायचं नाही ना.

बतूल पडदा सारून आत आली आणि म्हणाली, "तुमचा कायदा मोठा असेल हो. पण मला आज माझी लाज वाटली."

तो माझ्यावरचे कागद सरळ करत राहिला.

सुनावणी झाली. त्या दिवशी सी मक्की घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. न्यायाधीशांनी त्याचं म्हणणं कान देऊन ऐकलं होतं म्हणे. पुढं निकाल लागला, शब्दन् शब्द याच्या मताप्रमाणे. हुकूम रद्द. अल्लाल जिंकला. सी मक्कीनं घरात पाऊल टाकताच हाक मारली, "बतूल! पीठ भिजव! उद्या फळी मी नेणार. मी स्वतः!"

बतूलनं भरपूर पीठ मळलं. मला गरम पाण्यानं घासलं, शाईचे डाग काही गेले नाहीत. सकाळी रोट मांडले, तीन टोचे मारले, फडकं घातलं. आणि शाही आयुक्त, कोट-टाय घालून, मला दोन्ही हातांवर तोलत गल्ली उतरायला लागले. हाज्जा यामना दारातच होती. तिच्या हातातला झाडू थांबला. सी मक्की सगळ्यांना मुद्दाम सलाम करत होता, सगळ्यांना दिसावं म्हणून. मी खुशीत होते. इतक्या दिवसांनी निघाले होते ना!

भट्टीचं दार उघडं होतं. आत अल्लाल पायरीवर बसला होता. खड्डा रिकामा, फावडं भिंतीला टेकवलेलं. आणि मला ऊब लागेना. त्या दारात ऊब लागली नाही, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं.

"सलाम आलेकुम, मुअल्लिम. निकाल ऐकलात ना?"

"ऐकला, सी मक्की. वकिलानं वाचून दाखवला. फार छान बोललात म्हणे तुम्ही. अल्ला तुमचं भलं करो."

"मग भट्टी?"

"विझून पंधरवडा झाला."

"पण आता बंदी उठली! मी रोट आणलेत."

अल्लाल उठला. फडक्याचा कोपरा उचलून त्यानं एका रोटाला बोट लावलं, अगदी पूर्वीसारखं. "पीठ झकास फुगलंय," तो म्हणाला. "पण एका फळीसाठी भट्टी पेटत नाही, साहेब. गार पडलेली भट्टी तापवायला गाडीभर लाकूड लागतं. ते आणायचं कुणाच्या भरवशावर? घरोघरी शेगड्या झाल्या."

सी मक्कीचा चेहरा उतरला. "मुअल्लिम, मी फळी तुमच्यासाठीच थांबवली होती. माझ्या बोलण्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. तुम्ही जिंकावं म्हणून."

अल्लालनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"सी मक्की," तो म्हणाला, "तुम्ही कोर्टात माझ्याविरुद्ध बोलला असता आणि रोट पाठवत राहिला असता ना, तर मी वरच्या कोर्टात भांडत बसलो असतो. पण भट्टी चालू ठेवून."

मग त्यानं फडकं नीट झाकलं. "घरी न्या लवकर. फार वेळ राहिलं तर पीठ खाली बसेल."

सी मक्की मला घेऊन गल्ली चढला. उन्हात पीठ फुगून कडांवरून ओघळत होतं, त्याच्या कोटाच्या बाह्यांना चिकटत होतं. हाज्जा यामनानं विचारलं, "काय हो सी मक्की, कच्चेच परत?" त्यानं मान वर केली नाही.

शेगडीत एका वेळी एकच रोट मावतो. बाकीचं पीठ आंबलं. बतूल ते टाकून देताना रडली.

आता मी खिडकीखालीच असते. सी मक्की माझ्यावर लिहीत नाही. त्यानं त्या दिवसानंतर मला हात लावलेला नाही. कोर्टात जातो, खरं तेच बोलतो, घरी येऊन करपलेला रोट गिळतो. माझ्यावर त्या दिवशीचं पीठ अजून वाळून चिकटलंय, शाईच्या डागांवर. अल्लाल सकाळी सवयीनं पायरीवर येऊन बसतो, असं बतूल सांगते. ती तिकडून जायचं टाळते.

माझं एकच मागणं आहे. कधी कुणाच्या मनात आलंच, ती भट्टी पुन्हा पेटवावी, तर ओल्या लाकडानं ती पेट धरायची नाही. सुकं, जुनं लाकूड हवं. मी आहे. गाडीभर लाकडाची वाट बघू नका. पहिली मला घाला आत.