फुसाएच्या डब्यातला चुना

फुसाएचं वर्षश्राद्ध उद्यावर आलं आणि तोकुझोने हट्टच धरला: पानात कोन्न्याकू पडेल तो घरचाच, बाजारचा नाही. बायको होती तोवर हा गृहस्थ चुलीकडे फिरकलासुद्धा नव्हता.

कोन्न्याकूचा कंद म्हणजे सुरणाचा भाऊबंद. चुन्याचं पाणी पडलं तरच त्याची खाज मरते आणि गोळा घट्ट बसतो. तोकुझोने कंद उकडून वाटले, अर्ध्या लगद्यात चुन्याचं पाणी ढवळलं आणि गोळे वळायला घेतले. वळतात कसले, बोटांतून गळत होते. आधणात सोडल्यावर तर त्यांची लापशीच झाली.

शेजारच्या किकुनोबाई कुंपणावरून मजा बघत होत्या. "भाऊजी, उद्या पाहुण्यांना खळ वाढणार की काय?"

"चुना घातलाय, वहिनी! फुसाएच्याच डब्यातला."

"आणा बघू तो डबा." बाई आत आल्या, चिमूटभर चुना बोटांत चोळला. "मेलाय हा. हवा खाऊन खाऊन चुन्याचा खडू होतो. झाकण लावत नव्हता का?"

"आत तिच्या बोटांचे ठसे होते," तोकुझो म्हणाला. "शेवटचा चुना काढला तेव्हाचे. रोज सकाळी चहा घेताना बघायचो, म्हणून डबा उघडाच ठेवला."

बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. ठसे नव्हते. आज चमचा घालून त्यानेच ते मोडले होते, आणि तेही फुकट. त्या उठून घरी गेल्या आणि आपली चुन्याची बरणी घेऊन आल्या.

"ढवळा. मी हात लावणार नाही."

उरलेल्या लगद्यात तोकुझोने कोपरापर्यंत हात घातले. बघता बघता लगदा तळव्याखाली आवळत गेला. गोळे झाले ओबडधोबड, पण आधणात एकही फुटला नाही. गार झाल्यावर त्याने एक काप मिसोचं, सोयाबीनचं खारट वाटण लावून तोंडात टाकला आणि घसा खाजतोय का याची वाट बघत बसला. डोळे भरून आले.

"खाजतंय ना? कमी पडला वाटतं चुना," किकुनोबाई म्हणाल्या.

"छे, अजिबात नाही."

"मग रडता कशाला?"

"जमलं की हो, वहिनी," तोकुझो म्हणाला. "तिच्यावाचून जमायला लागलं."