गुळाविना संक्रांत

तानुबाई रोज सकाळी आठला माझ्या टपरीसमोर थांबायची, पण चहा घ्यायची नाही. पाणीसुद्धा नाही. दिवसभर गुऱ्हाळावर भट्टीपाशी चिपाडं वाहणारी बाई, आणि घोटभर पाणी नको? एकदा मी चिडलेच.

"अगं, माझ्या चहात काय इख हाय का?"

"तसं न्हाई, रंभाबाई. तिथं बायांना जायला जागाच न्हाई. भवतालचा ऊस बी तुटला. मग सांजपातूर प्यायचंच न्हाई."

माझं डोकंच फिरलं. वरवंडला हायवेच्या कडेला माझा गुळाचा चहा मोप खपायचा, आणि गूळ मच्छिंद्रआप्पांच्या त्याच गुऱ्हाळाचा! मी तानुबाईला म्हटलं, मागून घे. तिनं आप्पांकडे संडास मागितला, तोही चार लोकांत. दुसऱ्या दिवशी तिला निरोप आला, उद्यापासून येऊ नको.

मग मी पाटीवरच्या 'गुळाचा चहा' या अक्षरांना चुना फासला. विचारेल त्या गिऱ्हाइकाला कारण सांगितलं, नाही विचारलं त्यालाही सांगितलं. आमच्या बचत गटाची विठाबाई बैठकीत कधी तोंड उघडत नाही. ती ऐकून एवढंच म्हणाली, "आमी बी घेणार न्हाई." आणि तिनं शिरूरच्या गटाला फोन लावला. आठ दिवसांत दौंडपासून शिरूरपर्यंत बायका दुकानदारांना विचारू लागल्या, गूळ कुणाचा? आप्पांचा असला की पिशवी घडी करून माघारी. संडास बांधा, तानुबाईला परत घ्या, मग गूळ! माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं.

आप्पा मात्र हसत होते. "बाया हायत, रुसल्यात. संक्रांतीला येतीलच घरी."

गेलोच आम्ही. आप्पांच्या बायकोनं, अनुपमावहिनींनी, हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिळगुळाला नाही म्हणायची रीत नाही, म्हणून मीच सगळ्यांना तीनतीनदा बजावलं होतं: लाडू हातात घ्यायचा, तोंडात नाही.

चाळीस बायका बसल्या. वहिनींनी पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला, म्हणाल्या, "गोड बोला." आणि जन्माची सवय! मी तो गपकन तोंडात टाकला.

मेले! एकोणचाळीस बायका माझ्याकडे बघतायत. थुंकावा तर वहिनींचा अपमान, गिळावा तर तानुबाईचा घात. लाडू गालात धरून मी बसले.

वहिनींनी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. "खात का न्हाई कुणी?"

उत्तर मी द्यायचं ठरलं होतं. गावात मला बोलण्यात कुणी हरवत नाही, आणि नेमकं आज तोंडाला कुलूप! तेवढ्यात शेजारून विठाबाई उठली. हातातला लाडू तिनं पुढं धरला.

"वहिनी, लाडू तुमच्या हातचा, म्हणून घेतला. पण ज्या बाया ह्यो गूळ करत्यात, त्यांना दिवसभर पाणी पिता येत न्हाई. तुमच्या घरात संडास किती हायत?"

"तीन," वहिनी हळूच म्हणाल्या.

तबक घेऊन त्या तशाच ओसरीवर गेल्या. तिथं आप्पा पाहुण्यांत बसले होते. तबक त्यांच्यापुढं ठेवून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आवो, आपल्या बायांसाठी संडास होईपातूर ह्यो लाडू माझ्या बी गळ्याखाली उतरायचा न्हाई."

मी इतक्या जोरात 'व्हय!' म्हणाले, की माझा लाडू ठसक्यासरशी बाहेर उडाला. बायका हसून लोळल्या. आप्पांचा चेहरा बघायला हवा होता.

पंधरा दिवसांत दोन संडास उभे राहिले. दार, कडी, पाण्याचा नळ, सगळं मी जाऊन पाहिलं. कडी चारदा लावून काढली. तानुबाईला बोलवायला आप्पा स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती टपरीसमोर थांबली. आज बाकावर बसली.

"रंभाबाई, गुळाचा चहा द्या. आन् आधी पाणी."

मी पेला पुढं केला. तिनं पेला नको म्हणून मान हलवली आणि अख्खा तांब्याच उचलला. ती घटाघटा पीत होती, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मी बघत राहिले. मागं दूध उतू गेलं, जाऊ दिलं.