साठ तासांची ऊब

पनवेलमध्ये सफरचंदाची रोपं तयार होतात, हे ऐकून लोक हसतात. आमची लॅब इथे आहे, एवढंच त्याचं कारण. लॅबमागच्या शीतखोलीत सध्या अकराशे रोपं आहेत. रोपं म्हणजे पानं झडलेल्या, पेन्सिलएवढ्या काड्या. ही खोली माझ्याकडे आहे.

या काड्यांना थंडी शिकवावी लागते. गारवा टप्प्याटप्प्याने वाढवला की रोप पेशींत साखर साठवतं, पेशीचं आवरण बदलतं, आणि पाणी गोठलंच तर ते पेशीच्या बाहेर गोठतं, आत नाही. सहा आठवड्यांनी काडी उणे बारा अंशही सोसते. न शिकवता पाठवली तर हिमाचलच्या पहिल्याच कडाक्यात मरते.

गुरुवारी सहावा आठवडा पूर्ण झाला. त्या संध्याकाळी आमचे व्यवस्थापक कृष्णकांत सर फुलांच्या खोक्यांसह दारात उभे होते. रविवारी त्यांच्या मुलीचा, अंकिताचा, साखरपुडा होता.

"झेबा, ऑर्किड नि अँथुरियम आहेत. डेकोरेटर म्हणतो, चार डिग्रीला काळी पडतील. रविवार सकाळपर्यंत खोली पंधरावर ठेवली तर तुझ्या काड्या रुसतील का?"

मी मनात भागाकार केला. शिकायला एक हजार आठ तास लागले होते. साठ तासांत विसरून विसरणार किती? सहा टक्के.

"नाही सर. ठेवा."

सोमवारी खोली पुन्हा चार अंशांवर होती. तापमानाची नोंद पाहिली तर दार सारखं उघडल्यामुळे पारा एकोणीसपर्यंत गेला होता. काड्या मात्र जशाच्या तशा दिसत होत्या. मंगळवारी दुपारी त्या हिमाचलात किन्नौरला जायच्या होत्या, आणि त्याआधी त्या किती थंडी सोसतील याचा दाखला मला सही करून द्यायचा होता.

चाचणीचं गोठवणयंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून मी मासळी बाजारात गोदूबाईकडे बर्फ मागायला गेले.

"बर्फ कशाला गो? मासली तं हातान दिसं नाय."

"काड्या गोठवायच्यात, मावशी."

"येवरी शिकली नि काड्या गोठवतंय!" शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली. मग तिने खडेमिठाची पिशवीही पुढे केली. "मीठ पन ने. मिठाबिगर बर्फाला जोर येत नाय."

बर्फ-मिठात पारा उणे बारापर्यंत उतरला. मी काडीचे तुकडे बंद नळीत घालून त्यात गोठवले, मग वितळवून शुद्ध पाण्यात ठेवले. पेशी फाटली की आतले क्षार पाण्यात उतरतात आणि मीटरवर मोजता येतात. गुरुवारी सकाळी याच चाचणीत शंभरातले सोळा भाग उतरले होते. आता एकाहत्तर. मंगळवारी सकाळी पुन्हा केलं: अडुसष्ट, त्र्याहत्तर. मीठ कमी करून उणे चारवर गोठवलेले तुकडे मात्र तगले.

शिकायला आठवडे लागतात, विसरायला दोन-तीन दिवस पुरतात. झाडाच्या दृष्टीने ऊब म्हणजे वसंत, आणि वसंतात वाढीला उशीर करून चालत नाही. हे मी एम.एस्सी.च्या परीक्षेत लिहिलं होतं, त्याला पूर्ण गुण मिळाले होते. दारात खोकी पाहून मात्र मी भागाकार केला.

बाहेर ट्रक लागला होता. आकडे सरांनी पाहिले होते. खोलीत मी, सर आणि अकराशे काड्या. दाखल्यावरची तापमानाची जागा रिकामी होती.

"मी तुला विचारलं होतं ना, झेबा?"

"हो सर."

"तू नाही म्हणाली असतीस तर फुलं दुसरीकडे ठेवली असती गं. पाहुण्यांना काय, प्लॅस्टिकचीही चालली असती. जावई तर फोनमधून मान वर काढत नव्हता."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

"किन्नौरला गेल्यावर कळेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"लगेच नाही. काडी मेली तरी दिसते तशीच. मार्च-एप्रिलमध्ये कळ्या फुटणार नाहीत, तेव्हा कळेल. मग सगळे म्हणतील, यंदा थंडी फार पडली."

म्हणजे माझं नाव कुठेच येणार नव्हतं. हे मला त्यांच्याआधी सुचलं होतं. रात्रभर मी त्याच एका वाक्याभोवती फिरत होते, आणि आता तेच मी मोठ्याने बोलून बसले. खरं सांगितलं तर सरांची फुलं लॅबच्या मालकांपुढे येणार. गप्प राहिले तर कुणाची तरी बाग जाणार.

मी रिकाम्या जागेत 'उणे चार' लिहिलं आणि सही केली.

सरांनी कागद वाचला. "यावर गाडी जाणार नाही."

"नाही जाणार."

किन्नौरच्या बागायतदार नेगीजींना फोन मीच केला. खोली तापली, चूक माझी आहे, असं मी म्हणाले. ती का तापली, हे त्यांनी विचारलंच नाही. "अब क्या हो सकता है, बेटा?"

ज्यांच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या आहेत त्या काड्या पुन्हा थंडी शिकू शकतात, मी सांगितलं. कळीचे खवले सैल झाले असतील तर ती काडी आता मागे फिरणार नाही.

"गड्ढे खुदे पड़े हैं. पंद्रह दिन. सोलहवें दिन मेरे पास मजदूर नहीं होंगे."

पंधरा दिवस पुरतील का, हे मला ठाऊक नव्हतं. तेही मी त्यांना सांगितलं.

ट्रक रिकामा गेला. सरांनी मालकांना फोन लावला आणि बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा कोणाचा दोष सांगितला ते मी विचारलं नाही. त्यांनी खुंटीवरचं जॅकेट घातलं, आत येऊन दार लावून घेतलं आणि बॅटरीचा झोत पहिल्या ट्रेवर धरला. मी भिंग डोळ्याला लावलं.

"घट्ट," मी म्हणाले. "घट्ट. घट्ट. सैल."

सरांनी ती काडी उपसून बाजूला ठेवली.

"घट्ट. सैल. सैल."

"नीट बघ गं," सर म्हणाले.

मी पुन्हा वाकले. खवल्यांच्या फटीतून टाचणीच्या टोकाएवढं हिरवं दिसत होतं.

"सैलच आहे, सर."