पुढच्या दाराचं कुलूप

हलवून पाहू नका, मी उघडणार नाही. आत कोणी नाही. धारहून तिरल्याकडे जाताना एक नवी कॉलनी लागते, तिच्या तोंडाशी एका खोलीची पोलीस चौकी आहे. त्या चौकीच्या दारावरचं कुलूप मी बोलतोय. कुलपानं तोंड उघडू नये हे मला कळतं, पण आता गप्प बसवत नाही.

मी पितळेचा, चांगला वजनदार. दुकानदारानं मला काउंटरवर आपटून सांगितलं होतं, "हथौड़े से भी नहीं टूटेगा, भिया!" काय ऐट वाटली होती मला! आपण एखाद्या सराफाच्या तिजोरीवर बसणार अशी माझी खात्रीच होती. विकत घेतलं मात्र भास्करनं. भास्कर म्हणजे या चौकीचा शिपाई, देवासच्या मराठी घरातला. शिपाई तोच, मुन्शी तोच, झाडूवालाही तोच. पोलिसाला कुलूप कशाला लागतं, हे कोडं मला दुसऱ्याच दिवशी सुटलं. दूर गंधवानी गावात बंदोबस्त लागला आणि चौकीतला एकुलता एक माणूस गाडीत बसून निघून गेला.

पण भास्कर हुशार. पुढचं दार तो आतून लावी, मागच्या दारानं बाहेर पडे आणि मला तिथं, झुडपांच्या बाजूला लावी. पुढे ओट्यावर जुने बूट, दोरीवर ओला टॉवेल, आत पंखा चालू. बघणाऱ्याला वाटावं, साहेब आत जेवताहेत. मला हसू यायचं. सरकारनं माणूस दिला नाही, तर भास्करनं बुटांना ड्यूटीवर लावलं!

या बुटांच्या जिवावर उर्वशी निर्धास्त होती. ही कॉलनीतल्याच तात्यांची मुलगी, औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरीला. संध्याकाळी कंपनीची बस तिला फाट्यावर सोडते, तिथून ती चौकीवरून चालत घरी जाते. काही दिवसांपासून एक मोटरसायकलवाला तिच्या मागं लागला होता. चौकी दिसली की तो गाडी वळवायचा.

मग कॉलनीत भरदिवसा चोरी झाली आणि चौकीसमोर बैठक बसली. कारखान्यातून रिटायर झालेले मोरोपंत म्हणाले, "सरकारजवळ पैसा नाही. आपणच वर्गणी काढू."

तात्या उसळले. "टॅक्स कटतो माझ्या पगारातून! पोलीस काय गणपती आहे का, वर्गणी काढून बसवायला?"

"पोलीस वाढवून तरी काय होणार, काका?" विपुल म्हणाला. हा मोरोपंतांचा मुलगा. "आहेत तेच सगळे नेत्यांच्या मागे. कॅमेरे लावा, बस."

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या माईंनी भास्करला विचारलं, "अरे, आणखी एक शिपाई नाही का रे मिळत?"

"माई, बल नाहीये."

"बल नाही तर च्यवनप्राश खा की! एवढा घोडा झालास."

सगळे खो खो हसले. भास्करही हसला. मग त्यानं समजावलं, "माई, आमच्यात बल म्हणजे माणसं. ठाण्यातच पुरी नाहीत, तर इथं कुठून येणार?"

"मग आम्ही पगार दिला तर?"

"तसं नसतं, माई. चौकीला सामान देता येतं. शिपाई नाही देता येत."

झालं, सामान आलं! कूलर आला, खुर्च्या आल्या, कॅमेरा आणि त्याचा टीव्ही आला. सामान आलं तशी सामानाची काळजीही आली. मोरोपंत म्हणाले, "आता पुढच्या दाराला कुलूप दिसलं पाहिजे."

"काका, कुलूप दिसलं की आत कोणी नाही हे साऱ्या जगाला कळतं," भास्कर काकुळतीला येऊन म्हणाला.

"आणि कूलर गेला म्हणजे? लोकांच्या वर्गणीचा आहे तो!"

बूट आत गेले. मी पुढे आलो.

गेल्या आठवड्यात भास्कर पुन्हा बंदोबस्तावर गेला. दिवेलागणीला उर्वशी धावत आली आणि तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. "भास्करदादा! दादा, दार उघडा!" मला हिसके देऊ लागली. तिचे हात घामानं निसटत होते. मोटरसायकल ओट्यापाशी येऊन थांबली.

"ताला दिख रिया है मेरे को," तो आरामात म्हणाला. "किसको बुला री है?"

त्यानं तिचं मनगट धरलं. हातोड्यानं न तुटणारा मी! जन्मात पहिल्यांदा तुटावंसं वाटलं, आणि तुटता येईना. तिनं मोकळ्या हातानं मला दारावर आपटायला सुरुवात केली. मी जिवाच्या आकांतानं वाजलो. तो खणखणाट ऐकून माई काठी घेऊन शिव्या देत आल्या, म्हणून तो पळाला. कॅमेऱ्यानं सगळं पाहिलं म्हणे. पाहण्यापलीकडे त्याला काय येतं?

तात्या धावत आले. इथंच, माझ्यासमोर, ते पोरीला म्हणाले, "उद्यापासून कंपनी बंद. राजीनामा देऊन टाक."

"पण बाबा, मी काय केलं?"

बैठकीत सरकारला धारेवर धरणारे तात्या, पोरीपुढे मान खाली घालून उभे राहिले. "माझ्यात तेवढं बळ नाही गं," एवढंच म्हणाले.

भास्करनं परत आल्यावर वर कळवलं. त्या मोटरसायकलवाल्याचा शोध चालू आहे म्हणतात. दुसरा शिपाई मिळणार नाही, बल नाही, असं उत्तर आलं. भास्कर आज परत बाहेर आहे. उर्वशी घरात आहे, सोमवारी तिचा राजीनामा जाणार आहे. कॉलनीत पुन्हा वाद पेटलाय, खाजगी गार्ड ठेवायचा की सरकारकडे मोर्चा न्यायचा.

अरे, वाद घाला, खुशाल घाला! पोलीस वाढवा, पैसा कुठूनही आणा. पण तोवर कुणीतरी किल्ली आणा, नाहीतर करवत आणा, आणि मला इथून काढा. कूलर जाईल? जाऊ द्या. आत माणूस नसला तरी दार उघडं असू द्या. पळत आलेल्या पोरीला निदान आत शिरून कडी तरी लावता येईल.