टोला देऊ नका!

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. मित्रांनो, तोंड वाकडं करू नका. एके काळी मला लांब फेकणाऱ्या मुलांना बक्षिसं मिळत. पुढे मैदानावर सायकल स्टँड झालं आणि उज्जैनच्या त्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राच्या वर्गाचं दार अडवत बसलो. आत भय्यासाहेब सर लिहून देत, मुलं उतरवून घेत आणि मागच्या बाकावर निहारिका छान झोपे. खरं सांगतो, मलाही डुलकी लागे.

मग भय्यासाहेब प्राचार्य झाले आणि त्यांच्या जागी अंबिका मॅडम आल्या. त्यांनी मला दोरीने छताच्या हुकाला टांगलं.

"हा नाकाला लावून सोडला, तर परत येऊन नाक फोडेल? आधी हात वर करा, मग शेजाऱ्याशी भांडा, मग पुन्हा हात वर करा."

काय सांगू, वर्गाचा भाजीबाजार झाला! पण झोप उडाली आणि मी हिरो झालो. त्रास एकच. महाकालच्या गावात काही टांगलेलं दिसलं की हात आपोआप वर जातो. येणारा-जाणारा मला घंटा समजून टोला द्यायचा.

गोंगाट ऐकून एक दिवस भय्यासाहेब आले. "मॅडम, हा काय तमाशा? उद्यापासून नीट लिहून द्या. गोळा दाराशी ठेवा."

माझ्या लोखंडी काळजात धस्स झालं. मॅडमचाही चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, "सर, एकदा तुम्हीच सोडून बघा. फक्त सोडायचं, ढकलायचं नाही."

वर्गात भांडण जुंपलं. निहारिका शेजारच्या अर्णवला सांगत होती, "नुसता सोडला तर नाक वाचेल. धक्का दिला तर गेलं!"

भय्यासाहेबांनी मला नाकाला लावलं, डोळे मिटले, "जय महाकाल" म्हणाले आणि सवयीने सणसणीत टोला दिला.

मी निघालो. आता थांबू कसा? परत फिरलो तोच निहारिका किंचाळली, "सर, हटिये! आपने धक्का दे दिया!"

भय्यासाहेब मटकन खाली बसले. मी त्यांच्या डोक्यावरून जाऊन फळ्यावर आदळलो.

नाक चाचपत ते म्हणाले, "तू तर माझ्या तासाला झोपायचीस ना ग?"

"हो सर. मॅडम झोपूच देत नाहीत."

आधी वर्ग हसला, मग भय्यासाहेबही. दाराशी जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. हल्ली ते रोज वर्गात डोकावतात, हात मात्र पाठीमागे घट्ट बांधून.

मित्रांनो, तुम्हीही या, हवं तेवढं भांडा. पण जाता-येता मला टोला देऊ नका. दोरी जुनी झाली आहे, आणि निहारिका आता पहिल्या बाकावर बसते.