वितळला की विरघळला?

कारध्याला वैनगंगेच्या काठी मांडव पडला होता आणि मांडवात पिघलेश्वर महाराज मुतखडे काढत होते. पोटावर रुमाल टाकायचा, त्याखाली हात घालून सणसणीत चिमटा घ्यायचा, रोगी कळवळला की काळपट खडा वर काढून कोमट तीर्थाच्या गिलासात सोडायचा. "पिघल, पिघल" म्हणत चमच्यानं ढवळलं की खडा गायब. पोटात उरलेलेही असेच पिघलतील, मात्र दवाखान्याची पायरी चढलात तर पुन्हा घट्ट होतील, असं महाराज बजावत. गर्दी हात जोडे.

करडीच्या पार्वताबाईंचं दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला ऑपरेशन होतं. आता टाळलं तर मूत्रपिंड जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी त्या इथं आल्या, म्हणून मुलगी भावनाही आली. वडिलांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. घरात आता ह्या दोघीच.

पार्वताबाईंचाही खडा निघाला आणि गिलासात दिसेनासा झाला.

"पिघलला ना माया डोळ्यापुढं," त्या लेकीला म्हणाल्या. "आता कायले पोट फाडू?"

"पिघलला नाही, आई. विरघळला. बाबा म्हणायचे..."

"कोणते बाबा?" महाराज दचकले. या धंद्यात चढाओढ फार.

"माये बाबा. शाळेत विज्ञान शिकवत. म्हणायचे, वितळायले आच लागते, विरघळायले सोबत लागते."

मेण आचेनं एकटंच वितळतं, म्हणजे पिघलतं. साखर मात्र चहाच्या सोबतीनं विरघळते. महाराज खरंच पिघलवत असतील तर त्यांनी खडा कोरड्या तळहातावर पिघलवावा, अशी भावनानं विनंती केली. महाराजांना ग्रहमान अनुकूल दिसेना. मग तिनं नदीतला गोटा पुढं केला. दुसऱ्या गिलासात कितीही ढवळला तरी तो तसाच; गोटा नास्तिक निघाला.

एवढ्यात पार्वताबाईंनी गिलास तोंडाला लावला होता.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. जरा वेळानं त्यांचा आवाज चढला. "डॉक्टर मले चहात साखर टाकू देत नाही, अन् पोटात खडीसाखर निघाली?"

सोबत आलेल्या सुशीलाबाई नावाच्या शेजारणीनं महाराजांची झोळी उलटी केली. राख चोळलेली खडीसाखर सांडली, मागोमाग मुंग्या. मुंग्यासुद्धा भक्तच, असं महाराज म्हणत होते. पण तोवर एक मुंगी त्यांना चावली.

लोकांना आता सगळं उमगलं. खडा आधीच मुठीत, चिमटा ओरडण्यापुरता, आणि बाकीचं काम कोमट पाण्याचं. भावनानं शांतपणे एवढंच विचारलं की, जो मुतखडा पोटात रात्रंदिवस लघवीत भिजूनही विरघळला नाही, तो गिलासभर पाण्यात चमचा फिरवून कसा विरघळेल?

पार्वताबाई उठल्या, लुगडं सारखं करून रांगेकडं वळल्या.

"मी चालली दवाखान्यात. भेव मलेही लागते, पण डॉक्टर खडा कुठं आहे ते फोटोत दाखवते, यानं तर मुठीतला दाखवला. ज्याचं दुखून राहिलं त्यानं चाला माया संग, ऑटोत जागा आहे."

जागा तिघांची होती. बसले सात.