टपालवाल्याचा कुत्रा

आमच्या ताईला स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ सापडत नव्हतं, पण वर्गात उभी राहिली की इंग्रजी अशी धो धो यायची की बघत राहावं. म्हणून तर मी गप्प बसले. सख्खी बहीण असून लपवलंस, असं आता ज्याला त्याला म्हणायचंय. लपवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन. कोणाची भीड आहे मला?

ताई बारावीला इंग्रजी शिकवायची, मी त्याच इमारतीत आठवी-नववीला. भावोजी गेल्यावर आम्ही दोघी एकत्र राहू लागलो. मी लग्नाच्या फंदात पडलेच नव्हते, त्यामुळे सामान हलवण्यापलीकडे काही अडचण आली नाही. मग गेल्या वर्षी तिचं बिनसायला लागलं. भाजीत दोनदा मीठ, चपला फ्रिजमध्ये, आणि जेवायला बसताना तिसरं ताट. 'हे आले नाहीत अजून,' म्हणायची आणि दाराकडे बघायची. पहिल्यांदा मी समजावलं. नंतर नंतर मीही त्या ताटाला हात लावेनाशी झाले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाणार, म्हणाले. जे जमतंय ते करू द्या, एवढंच त्यांच्याकडे औषध. बाहेर पायरीवर ताई मटकन बसली. त्या दिवशी तिला सगळं कळत होतं, हेच वाईट. माझं मनगट धरून म्हणाली, "मला वर्गातून काढू देऊ नकोस, चिमे. तिथे मी मी असते."

मी शब्द दिला. रोज सकाळी तिची पिशवी भरायची, साडी नीट आहे ना बघायचं, तिला वर्गाच्या दारात नेऊन सोडायचं आणि तास संपला की तिथूनच उचलायचं. स्टाफरूममध्ये तिला कोणाशी एकटं बोलू द्यायचं नाही. शिपाईमामांना शंका आली होती बहुतेक, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

आता आमच्याकडे इंग्रजी शिकवतात कसं, हे सांगायला हवं. शिकवतात म्हणजे नोट्स सांगतात. बाईंनी सांगायच्या, मुलांनी उतरवायच्या, घोकायच्या, पेपरात ओकायच्या. कुत्रा हे निष्ठेचं प्रतीक आहे, असं बाईंनी सांगितलं की शंभर पेपरांत शंभर कुत्रे निष्ठेचं प्रतीक. ताईच्या नोट्सचा तर बोलबाला होता. मी स्वतः तिच्याच नोट्सवर बी.ए. झाले आणि खोटं कशाला बोलू, तशाच नोट्स मुलांना सांगत आले.

तिच्या-माझ्या वर्गांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडून तिचा आवाज यायचा, संथ, स्वल्पविरामाला थांबणारा, पूर्णविरामाला खाली येणारा. तो ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा. शब्द कोण ऐकतंय? मी नुसती चाल ऐकत होते. चाल बरोबर होती.

सहामाही तोंडावर आली होती. मी नववीला पत्रलेखन सांगत होते आणि पलीकडचा आवाज वाक्याच्या मधोमध थांबला. वाट पाहिली. नाहीच. हातातला खडू तसाच घेऊन मी धावले.

ताई टेबलाला धरून उभी होती. अख्खा वर्ग पेनं टेकवून पुढच्या शब्दासाठी थांबलेला, माना खाली. एकाही कार्ट्याने वर बघितलं नव्हतं. तिने मला पाहिलं आणि चेहरा एकदम मोकळा झाला. "चिमे, घरी जायचं ना? आई वाट बघत असेल."

आई जाऊन किती वर्षं झाली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, काय चाललं होतं.

"कुत्रा, बाई."

"कुठला कुत्रा?"

"टपालवाल्याचा."

टपालवाल्याचा कुत्रा हा धडा जुन्या पुस्तकातला. पुस्तक बदललं तेव्हाच तो गेला होता. या मुलांच्या पुस्तकात कुत्राही नव्हता आणि टपालवालाही नव्हता. कधीपासून चाललंय, विचारलं, तर म्हणाली, शाळा उघडल्यापासून. हा संपला की परत पहिल्यापासून हाच. आता तिसऱ्यांदा चालू होता आणि पोरांनी तिसऱ्यांदा उतरवून घेतला होता.

"अगं, मग बोलला का नाहीत कोणी?"

तिला प्रश्नच कळला नाही. "आम्हाला वाटलं, नक्की येणार असेल परीक्षेला. म्हणून परत परत सांगतायत."

मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण कोणत्या तोंडाने? भिंतीपलीकडे बसून मी तरी दुसरं काय केलं होतं?

बातमी ऑफिसात पोचलीच होती, त्याच दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, उलट चांगला, म्हणून जास्त राग आला. चहा मागवला, ताईंचं योगदान वगैरे सगळं म्हणून झालं आणि मग उद्यापासून त्यांना आणू नका, बारावी तुम्ही घ्या, असं सांगितलं. मी भांडले. मग हात जोडले. शिकवू देऊ नका, पण मागच्या बाकावर बसू द्या, मी शिकवीन, ती ऐकेल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, पालकांना काय सांगू? दिलेला शब्द तिथेच, चहाच्या कपाशेजारी ठेवून मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याआधी तयार. पिशवी खांद्याला, पदर पिन केलेला. आज सुट्टी आहे, मी म्हटलं. मग तू कुठे निघालीस, तिने विचारलं. तेवढं बरं कळलं तिला. शेजारच्या काकूंना बसवून मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरताना रडले.

बारावीच्या वर्गात गेले. म्हटलं, खरं सांगायचं, नोट्स नाहीत. तुमच्या बाई खूप आजारी आहेत, मी सांगितलं, त्यांचं विसरायला होतं, त्यांनी सांगितलेला धडा तुमच्या पुस्तकात नाही. बोलता बोलता खरखर ऐकू आली. सगळे लिहून घेत होते. माझं वाक्य संपलं तशी पेनं थांबली, पुढच्या वाक्यासाठी.

"पेनं खाली ठेवा," मी ओरडले. ठेवली बिचाऱ्यांनी. मग मी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? मग तीच पहिल्या बाकावरची उभी राहिली. मला वाटलं, विचारेल आता, बाई कशा आहेत. नुसतं एवढं विचारलं असतं तरी मी ते घरी घेऊन गेले असते.

"बाई, काल त्या मध्येच थांबल्या. पुढचं वाक्य काय होतं?"

मला पाठ होतं ते. मी सांगितलं. मालक गेल्याचं कुत्र्याला समजत नाही, म्हणून तो रोज ठरल्या वेळी फाटकाशी येऊन उभा राहतो. सगळ्यांनी पेनं उचलली आणि लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी आले तर काकू हात टेकून दारात बसलेल्या. ताईने दिवसभर पिशवी खांद्यावरून काढू दिली नव्हती. मला बघताच तिने विचारलं, "वर्गात कोणी माझ्याबद्दल विचारलं?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं. "बाई कधी येणार, म्हणत होते."

"बघ. आणि तू म्हणतेस सुट्टी." तिने पदर सारखा केला, पायात चपला घातल्या आणि माझ्या हातातून कुलपाची किल्ली घेऊ लागली.